कोळसा की अणू : तराजू कुणाच्या हातात?

रात्री दोनला थ्रीफेज लाईट येते आणि आपण बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतो. ही लाईट कुठून येते आणि तिची किंमत कोण मोजतं, एवढंच आज बोलणार आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. तरी धरण झालंच. वीज मुंबईला गेली, भातखाचरं मात्र मुळशीची बुडाली.

स्वातंत्र्यानंतर वीज आणखी लागू लागली. मोठ्या कोळसाखाणी बंगाल-बिहारकडे. तिथून पश्चिम किनाऱ्यापर्यंत कोळसा आणायचा तर वाहतूकच महाग. म्हणून होमी भाभा म्हणत, खाणींपासून लांबच्या भागात अणुवीज परवडेल. १९६९ मध्ये तारापूर सुरू झालं. पण इंधन अमेरिकेचं. १९७४ ला पोखरणला अणुचाचणी झाली आणि पुढे अमेरिकेने हात आखडता घेतला. मग फ्रान्सकडून इंधन आणावं लागलं. कोळशाची वाहतूक वाचली, परावलंबन वाढलं.

चंद्रपूरला मात्र कोळसा पायाशीच. १९८०च्या दशकात तिथलं औष्णिक केंद्र सुरू झालं. आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे. पण देशी कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते. ती राख आणि तो धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याला.

आता तोलू या. तेवढ्याच विजेमागे कोळशाच्या धुराने अणुवीजेपेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात. पण ती रोज, गुपचूप मरतात, त्याची बातमी होत नाही. फुकुशिमाची होते. उलट, अणुकचरा हजारो वर्षं सांभाळायचा आहे, आणि ज्यांना तो सांभाळायचाय ती माणसं अजून जन्मलेलीच नाहीत. त्यांना कोण विचारणार?

या दोनच वाटा असतील, तर मी अणूच्या बाजूने हात वर करीन. पण अट आहे. फुकुशिमानंतर थोड्याच आठवड्यांत, एप्रिल २०११ मध्ये, जैतापूर प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला. साखरी नाटे गावचा एक माणूस गेला. मुळशीला नव्वद वर्षं झाली होती, तरी रीत तीच!

ज्याच्या अंगणात केंद्र येणार, तो तराजूजवळ बसलेला हवा. तो नसेल तर पारडं कुठेही झुको, त्याला न्याय म्हणता येणार नाही.