घाटात कळणारे इंजिन

बोरघाटाची कथा आपल्याकडे पुष्कळदा सांगितली गेली आहे. कार्ल्याच्या लेण्यांपाशी येणारी व्यापाऱ्यांची जुनी वाट, लोहगड-विसापूरचा पहारा, पुढे इंग्रजांनी केलेला रस्ता आणि आगगाडी, हे सारे मावळच्या माणसाला पाठ आहे. आज आम्ही त्याच घाटातला एक लहानसा धागा उचलीत आहोत. जुने भाग काढून नवे घातले, इंजिन पुन्हा जुळविले, आणि तरीही ते पूर्वीपेक्षा वाईट चालू लागले, असे का होते? प्रश्न गॅरेजमधला वाटेल. परंतु त्याला इतिहास आहे, आणि तो समजून घेण्यास कर्जत-लोणावळ्याच्या चढासारखी दुसरी जागा नाही.

सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला. रेल्वे आली ती २१ एप्रिल १८६३ रोजी. जेम्स बर्कले यांनी आखलेल्या या मार्गावर सुमारे १६ मैलांत १,८०० फुटांहून अधिक उंची गाठावी लागते. सर्वांत कठीण ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, ते काम पुढे चालविले. ती हकीकत स्वतंत्र व्याख्यानाच्या योग्यतेची आहे. येथे तिचा उल्लेखच पुरे.

चढ एवढा असला म्हणजे इंजिनाचा दोष लपत नाही. वाफेच्या इंजिनात साधारणतः दोन सिलिंडर असतात आणि प्रत्येकात वाफ दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने शिरते. म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार ठोके ऐकू येतात. वाफ आत केव्हा घ्यायची व बाहेर केव्हा सोडायची हे सरकत्या झडपा ठरवितात, आणि त्या झडपांना आसाशी जोडलेल्या दांड्या हलवितात. या जोडणीचा एक प्रकार १८४२ मध्ये न्यूकॅसल येथे स्टीफन्सनच्या कारखान्यात निघाला आणि जगभर पसरला. आता आसाचे बेअरिंग नवे घातले किंवा दांडी बदलली, तर झडपेची जागा थोडी सरकते. भाग नवा खरा, पण त्याची वेळ चुकलेली. मग चार ठोके सारखे पडत नाहीत. एक दुबळा, एक उशिरा, असे इंजिन लंगडत चालते. सपाटीवर हे खपून जाते. घाटात मात्र कोळसा जास्त जळतो आणि ओढ कमी पडते. म्हणून दुरुस्तीनंतर फिटरने झडपा पुन्हा मोजून बसवायच्या आणि ड्रायव्हरने कानाने ठोके पारखायचे, अशी या धंद्याची रीतच होती.

१९२९-३० च्या सुमारास घाटात वीज आली. गाडीची दिशा उलटविण्याचे जुने स्टेशन नव्या आखणीमुळे बंद पडले आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. स्वित्झर्लंड व इंग्लंडमध्ये बांधलेली, लांब नाकाची विजेची इंजिने मालगाड्या ओढू लागली. त्यांच्या चाकांना दांड्या होत्या, पण पोटात झडपा नव्हत्या. रुळांवरून उतरलेला प्रश्न शेजारच्या रस्त्यावर चढला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. कारण रस्त्यावर आता पेट्रोलच्या मोटारी होत्या, आणि झडपांची वेळ हेच त्यांचेही मर्म.

पेट्रोलच्या इंजिनात दट्ट्या चार खेपा करतो. मिश्रण ओढायचे, दाबायचे, स्फोटाने खाली जायचे, आणि धूर बाहेर लोटायचा. एवढ्यात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एकच. या दोघांना बांधून ठेवणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. कुर्ल्याची फियाट, जिला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले, आणि बंगालमध्ये बनणारी अँबॅसडर, या दोन्हींत ती होती. मुंबई-पुणे टॅक्सीच्या धंद्याचा भार कित्येक वर्षे फियाटने वाहिला. साखळी झिजून लांबते, खडखडते, आणि मग बदलावीच लागते.

खरी अडचण तेथून पुढे. खालच्या चाकाला २० दाते आहेत असे धरू. साखळी एक दाता चुकली की क्रँकच्या मापाने १८ अंशांची चूक होते. झडपा तेवढ्या मागे राहिल्या, तर दट्ट्या वर येऊ लागला तरी आत घेणारी झडप उघडीच राहते व ओढलेले मिश्रण काही अंशी परत लोटले जाते. वेगात हे कमी जाणवते. म्हणून तळेगाव-वडगावच्या सपाटीवर गाडी बरी धावते. आणि खोपोलीहून वर येताना, भरल्या ओझ्याने व कमी फेऱ्यांवर, तिचा दम तुटतो.

यात एक फसगत आहे. या इंजिनांत ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवरूनच फिरतो. कॅम मागे राहिला की ठिणगीही मागे. मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर हाताने थोडा फिरवितो, इंजिन गोड बोलू लागते आणि गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली होते. ठिणगी जुळली, झडपा जेथल्या तेथेच. पुढे कार्ब्युरेटर, प्लग, पेट्रोलचा पंप, सारे एकामागून एक बदलले जाते. टॅक्सी उभी म्हणजे घरातली चूल अडलेली, हे येथे विसरून चालत नाही. शेवटी दोष लोणावळ्याच्या पातळ हवेला! २,००० फुटांवर हवा सुमारे सात टक्के पातळ असते हे खरे. पण तेवढ्याने धडधाकट इंजिन अडखळत नाही.

आमच्या मते येथे नवे सामान आणण्याआधी क्रमाने पाहणे हेच खरे काम. प्लगच्या तारा १-३-४-२ या क्रमाने आहेत ना, खोलताना एखादी हवेची नळी सुटून राहिली नाही ना, हे आधी. मग चारी सिलिंडरांचा दाब मोजावा. एकाचाच कमी असेल तर त्याची झडप किंवा गॅस्केट पाहावे. चारींचा सारखाच कमी असेल तर संशय टायमिंगवर. तेव्हा मात्र कंटाळा न करता झाकण काढावे, पहिला दट्ट्या माथ्यावर आणावा आणि दोन्ही दातेरी चाकांवरील खुणा कारखान्याने सांगितल्याप्रमाणे जुळल्या की नाही ते पाहावे. नंतर हँडलने क्रँकचे दोन पूर्ण फेरे देऊन पुन्हा पाहावे. दोनच का, हे वर आलेच आहे.

लोणावळ्यातच १५ फेब्रुवारी १९४५ पासून नौदलाची 'शिवाजी' ही संस्था आहे. जहाजांची यंत्रे सांभाळणारी माणसे समुद्रापासून दूर, या डोंगरावर तयार होतात, याची गंमत वाटते. त्याच गावच्या रस्त्यावरचा मिस्त्री मात्र बहुधा कोणत्याही शाळेवाचून, उस्तादाच्या हाताखाली हे शिकला. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, आणि २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सीही गेली. आजच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही शाफ्टांवर संवेदक असतात. त्यांचा मेळ चुकला की चालकासमोर दिवा लागतो. दिवा लागल्यावर मिस्त्री झाकण काढतो आणि खुणा शोधू लागतो.