रस्त्यातली रेल्वे आणि लोकांचा कौल

गावात रस्ता रुंद करायचा निघाला की एका घरात आनंद असतो आणि शेजारच्या घरात रडू असतं. एकीच्या दारात एसटी येणार असते, तर दुसरीची टपरी जाणार असते. मग ग्रामसभेत हात वर होतात आणि लोकांनी ठरवलं असं म्हटलं जातं. पण लोक म्हणजे नेमके कोण, आणि त्यांना विचारलं काय होतं? हे समजून घ्यायला आज आम्ही दूरच्या एका शहराचा इतिहास सांगणार आहोत. अमेरिकेत अॅरिझोना नावाचं राज्य आहे. फिनिक्स ही त्याची राजधानी. भोवती वाळवंट, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो.

रस्त्यातून धावणारी रेल्वे आपल्याला अगदी अनोळखी नाही. मुंबईत १८७४ साली घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली, १९०७ साली ती विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. फिनिक्सची गोष्टही तशीच. तिथे १८८७ साली जनावरांनी ओढायची ट्राम होती, पुढे ती विजेवर चालू लागली. १९४७ साली ट्राम ठेवायच्या आगाराला आग लागली आणि बहुतेक डबे जळाले. १९४८ साली ट्राम बंद झाली. त्यानंतर शहर मोटारींच्या भरवशावर पसरत गेलं. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने रणरणत्या उन्हात बसची वाट बघायची, अशी रीत पडली.

आता कौल कसा बदलत गेला ते बघू. तिथे अशा मोठ्या खर्चासाठी विक्रीकर वाढवायचा असेल तर लोकांचं मत घेतात. १९८५ साली लोकांनी मोठे महामार्ग बांधायला कर मंजूर केला. १९८९ साली दीडशे किलोमीटरहून लांब, खांबांवरून जाणारी रेल्वे बांधू का, असं विचारलं. पाचांतल्या तिघांनी नको म्हटलं. खर्च मोठा होता आणि फायदा कधी दिसेल ते कुणालाच कळत नव्हतं. १९९७ साली पुन्हा विचारलं. या वेळी प्रस्ताव पडला तो फक्त १२२ मतांनी. आपल्याकडच्या एखाद्या वॉर्डात एवढ्या मतांचा फरक पडतो, इथे तो एवढ्या मोठ्या शहरात पडला.

तीन वर्षांनी, २००० साली, प्रस्ताव बदलून आणला. रेल्वेबरोबर बसगाड्या वाढवू, बसच्या वेळा वाढवू, असं त्यात होतं. म्हणजे ज्यांच्या दारावरून रेल्वे जाणार नव्हती त्यांनाही काही तरी मिळणार होतं. तेव्हा तिघांतल्या जवळजवळ दोघांनी होकार दिला. २७ डिसेंबर २००८ ला सुमारे ३२ किलोमीटरचा पहिला मार्ग सुरू झाला. फिनिक्स, टेंपी आणि मेसा ही तीन शहरं त्याने जोडली. अंदाजापेक्षा जास्त लोक त्यात बसू लागले. २०१५ साली मार्ग वाढवण्यासाठी आणखी कर द्यायलाही बहुमत मिळालं. शंभरात पंचावन्नच्या आसपास लोक बाजूने होते.

इथवर सगळं सुरळीत वाटतं. खरा पेच पुढे आला, कारण आता मार्ग शहराच्या दक्षिण भागात न्यायचा होता.

हा दक्षिण भाग समजून घ्या. जुन्या काळात गोऱ्या लोकांच्या वस्तीत मेक्सिकन आणि काळ्या लोकांना घर घेऊ देत नसत. त्यांची वस्ती रेल्वेच्या रुळांपलीकडे, दक्षिणेला वसली. बँका तिथे कर्ज देत नसत. पाणी, गटार, रस्ते या सोयी उशिरा पोहोचल्या. गरिबी जास्त आणि गाड्या कमी, म्हणून बसवर अवलंबून असणारे लोकही जास्त. गरज बघाल तर रेल्वे सगळ्यांत आधी इथेच यायला हवी होती.

पण या भागाचा मुख्य रस्ता म्हणजे सेंट्रल अॅव्हेन्यू, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटी दुकानं, खानावळी, गॅरेजं. बरीचशी एकेका कुटुंबाने चालवलेली. रस्त्यावर जायच्या-यायच्या मिळून चार पट्ट्या होत्या. मधोमध रूळ टाकले की गाड्यांसाठी दोनच उरणार होत्या. दुकानदार म्हणाले, आम्हाला हे नीट सांगितलंच नव्हतं. कित्येक वर्षं रस्ता खणलेला राहील, गिऱ्हाईक कुठून येणार? त्यांची मागणी सोपी होती: चार पट्ट्या ठेवा, नाही तर रेल्वे नको. काहींना वेगळीच भीती होती. रेल्वे आली की भाडी वाढतील आणि आम्हालाच इथून उठावं लागेल. २०१८ साली नगर परिषदेत यावर पुन्हा विचार झाला, पण शेवटी दोनच पट्ट्या ठेवायचं ठरलं.

मग विरोधकांनी सह्या गोळा करून मतदान मागितलं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दुकानदारांचं भांडण एका रस्त्याच्या दोन पट्ट्यांचं होतं. पण मतदानाला आलेला प्रस्ताव होता, यापुढे शहरात कुठेच रेल्वेमार्ग वाढवू नका, तो पैसा इतर रस्ते-वाहतुकीला वापरा. सरकारने कर आणि खर्च कमी ठेवावा असं म्हणणारे राजकीय गटही या मोहिमेला येऊन मिळाले. गाऱ्हाणं गल्लीतलं होतं, प्रश्न मात्र अख्ख्या शहराचा झाला.

दुसरी अडचण शब्दांची. ज्याला रेल्वे नको त्याने होय म्हणायचं, आणि ज्याला हवी त्याने नाही म्हणायचं, असा तो प्रश्न होता. आपल्याकडे दारूबंदीच्या मतदानात उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळतं की आडवी म्हणजे दुकान बंद. तिथे मात्र शिकलेल्या माणसालाही होय-नाही दोनदा वाचून घ्यावं लागलं. २७ ऑगस्ट २०१९ ला मतदान झालं आणि शंभरात बासष्ट-त्रेसष्ट लोकांनी रेल्वे वाढवण्याच्या बाजूने कौल दिला.

म्हणजे दुकानदार खोटे होते का? तसं नाही. काम सुरू झालं आणि रस्ता वर्षानुवर्षं खणलेला राहिला. धंद्यांना झळ बसली. शहराला छोट्या धंद्यांसाठी मदतीची योजना काढावी लागली. ७ जून २०२५ ला जवळपास नऊ किलोमीटरचा हा दक्षिणेचा मार्ग सुरू झाला. ज्या वस्तीला कर्ज मिळत नव्हतं, गटार मिळत नव्हतं, तिथून आता दवाखाना, कॉलेज, कामाची जागा गाठायला रेल्वे मिळते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

या इतिहासातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, लोकमत म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. तेच शहर १९९७ ला नको म्हणालं आणि २००० ला हो म्हणालं, कारण मधल्या काळात प्रस्ताव बदलला होता. दुसरी, प्रश्न कोण लिहितं त्याला फार महत्त्व आहे. तिसरी आम्हाला सगळ्यांत मोठी वाटते. बहुमत मिळालं म्हणून झळ सोसणाऱ्याचं नुकसान नाहीसं होत नाही. फायदा हजारोंना थोडा थोडा मिळतो, तोटा मात्र मोजक्या लोकांच्या दारात येऊन बसतो. मोजणीत ते हरतातच. म्हणून त्यांच्या भरपाईचं बोलणं मतदानाच्या आधी व्हायला हवं. काम सुरू झाल्यावर ते काढून काही उपयोग नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचा, बाजाराच्या जागेचा किंवा पाण्याच्या टाकीचा ठराव आला तर हात वर करण्याआधी तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. होय म्हटलं तर काय होईल आणि नाही म्हटलं तर काय होईल, ते विचारा. कुणाचं दुकान, कुणाचा गोठा, कुणाची वाट जाणार आहे आणि त्यांना काय मिळणार आहे, तेही विचारा. उत्तर मिळालं की ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली सही झालेली स्वतः बघा.