कोळंबीच्या विस्मृत नराचा इतिहास

१/ मानपाड्याच्या बाजारात वाट्याने विकली जाणारी कोळंबी आज केवळ खाडीतून येत नाही, तळ्यांतूनही येते. तळ्याला बीज लागते आणि ते हॅचरीत तयार होते. या बीजाच्या इतिहासात नर दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

२/ १९४३. फ्रान्समध्ये पानूझ यांना आढळले की, कोळंबीच्या मादीचा नेत्रदंड काढला असता अंडाशय झपाट्याने वाढतो. प्रजनन रोखून धरणारे संप्रेरक त्या दंडातच असते. पुढे हॅचऱ्यांनी मादीचा एक नेत्रदंड काढण्याची रीत स्वीकारली.

३/ नर मात्र गृहीत धरला गेला. १९५४ मध्ये एलेन शार्नियो-कोतों या फ्रेंच संशोधिकेने कोळंबीच्या दूरच्या नात्यातील एका चिमुकल्या कवचधारी जिवात नरत्वाचे मूळ शोधले. ते वृषणात नव्हते. शुक्रवाहिनीलगतच्या एका स्वतंत्र ग्रंथीत होते. ती ग्रंथी मादीत बसवताच मादी नरासारखी घडू लागली.

४/ या ग्रंथीवरही नेत्रदंडातील संप्रेरकांचाच लगाम असतो. १९८७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी नोंदवले की, बंदिस्त टाक्यांत नर कोळंबीच्या शुक्राणूंचा दर्जा घसरत जातो. मादी सिद्ध असली, तरी नर निकस असेल तर अंडी फळत नाहीत. म्हणून नरांवरही संप्रेरकांचे प्रयोग झाले.

५/ २००९ मध्ये भारतात व्हॅनामी कोळंबीच्या संवर्धनाला परवानगी मिळाली. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरच्या तळ्यांतही ती रुजली. तेथील शेतकऱ्याचा हंगाम, त्याने कधीही न पाहिलेल्या त्या नरावरही तितकाच अवलंबून असतो.