लातूरच्या स्टेशनावर दोन सरकारं

१९४५ साल. कुर्डुवाडीहून सुटलेल्या बार्शी लाइटच्या नॅरोगेज गाडीत तुम्ही दाटीवाटीने बसला आहात. कोळशाची कणी डोळ्यात गेली आहे. बार्शी मागे पडते, इंग्रजी मुलूख संपतो आणि निजामाची हद्द लागते. लातूरला उतरल्यावर करोडगिरीवाला गाठोडं सोडायला लावतो, बाहेरून आणलेल्या मालावर जकात मागतो. खिशातले सहा इंग्रजी रुपये मोडले की हाली शिक्क्याचे सात हातात येतात. टपालाचं तिकीट निजामाचं, कचेरीचा कागद उर्दूत. नाणं, टपाल, जकात, फौज सगळं हैदराबादच्या हाती, आणि तुम्ही मत देऊन खाली खेचू शकाल असं सरकार कुठेच नाही.

दोन वर्षं पुढे या. दिल्ली संस्थानांपुढे सामीलनामा ठेवते. त्यात विषय तीनच: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण. निजाम तेवढंही सोडत नाही. २९ नोव्हेंबर १९४७ ला फक्त जैसे थे करार होतो. पुढचे महिने मराठवाड्याच्या गावोगावी निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या दहशतीत जातात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारताच्या फौजेपुढे शरण येतं आणि नांदेडात तुम्ही मोकळा श्वास घेता. १९५० च्या १ एप्रिलला निजामाची रेल्वे केंद्राकडे जाते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे, चलन, टपाल संघसूचीत. शेती, पोलीस आणि पाणी राज्यसूचीत. पण त्याच संघसूचीच्या ५६ व्या नोंदीने आंतरराज्य नद्यांचं नियमन संसदेच्या हाती ठेवलं आहे. ही नोंद लक्षात असू द्या, ती गोदाकाठी पुन्हा भेटणार आहे.

२८ सप्टेंबर १९५३ ला मराठी प्रदेशांच्या नेत्यांमध्ये नागपूर करार होतो. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत वाटा, अशी आश्वासनं घेऊन १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात येतो. त्याच वर्षी कलम ३७१(२) घटनेत येतं: मराठवाड्यासाठी विकास मंडळ नेमण्याची, निधीच्या न्याय्य वाटपाची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल. म्हणजे मुंबईने हात आखडला तर दिल्लीकडून आलेला एक कागद हाताशी. तुम्ही वाट पाहता. मंडळ उभं राहतं १९९४ साली! मधल्या अडतीस वर्षांत नांदेडचे शंकरराव चव्हाण दोनदा मुख्यमंत्री झाले, देशाचे गृहमंत्रीही झाले. आपला माणूस वर बसला की आपला वाटा आपोआप मिळतो, हा भरवसा मराठवाड्याने फार काळ बाळगला. वाटा मागायला नियम लागतो, आणि तो राबवणारी यंत्रणाही.

आता धर्माबाद तालुका, जुलै २०१०. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याकडे निघालेले आंध्रचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आणि त्यांचे आमदार महाराष्ट्र पोलिसांनी अडवून ताब्यात घेतले आहेत. तुम्ही काठावरचे शेतकरी. तुम्हाला वाटतं, पाणी राज्याचा विषय, गोदावरी आपल्या शिवारातून वाहते, मग आपला बंधारा आपण का भरू नये? पण इथेच ती ५६ वी नोंद भेटते: नदी एका राज्याची नाही, खाली तेव्हाच्या आंध्रात पोचमपाडचं श्रीरामसागर धरण आहे, आणि तिथल्या शेतकऱ्याचं पीकही पाण्यावाचून तितकंच वाळतं. म्हणून दोन राज्यांचं भांडण आधीच सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. २८ फेब्रुवारी २०१३ चा निकाल असा: २.७४ टीएमसीचा बंधारा राहील. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. देखरेखीला तिघांची समिती, अध्यक्ष केंद्रीय जल आयोगाचा, बाकी दोघे दोन राज्यांचे.

२९ ऑक्टोबरला दरवाजे खाली येताना तुम्ही पाहता. पावसाळ्याचं बहुतेक पाणी तोवर निघून गेलेलं असतं, हा तुमचा राग खरा आहे. तरीही मी या समितीच्या बाजूने आहे. पोलिसांच्या काठीने नदी वाटण्यापेक्षा तारखेने वाटलेली बरी.

आणि शेवटी पुन्हा लातूर स्टेशन, १२ एप्रिल २०१६ ची पहाट. धनेगावचं मांजरा धरण आटलंय. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दीत हाणामारी नको म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी गेल्या महिन्यापासून जमावबंदी लावली आहे. घागरी, कॅन, ड्रम घेऊन तुम्ही दिवस-दिवस नंबर लावून उभे राहिला आहात. मिरजेहून दहा वॅगनची गाडी येते, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. वॅगन कोट्याच्या रेल्वे कार्यशाळेत वाफेने धुतलेल्या. पाणी महाराष्ट्राचं, रूळ आणि इंजिन केंद्राचं, गल्लीत वाटप महापालिकेचं. अनुसूचीतल्या तीन वेगळ्या ओळी तुमच्या घागरीत एकत्र येतात, आणि या एका सकाळी कुणी कुणाचा अधिकार विचारत नाही.

मे महिन्यात मध्य रेल्वे वाहतुकीचं सुमारे चार कोटींचं बिल जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडते. बिल प्रशासनानेच मागितलं होतं, असं रेल्वे म्हणते. भरायचं की माफ करून घ्यायचं, ते प्रशासनाने ठरवावं. हिशेब ठेवायला माझी हरकत नाही. पण मांजरेच्या खोऱ्यात उसाला किती पाणी द्यायचं आणि पिण्यासाठी किती राखायचं, हे ठरवायला दिल्लीची परवानगी लागत नव्हती. तो अधिकार घटनेने पहिल्या दिवसापासून राज्याला दिलेला होता, आणि रांगेत उभे राहून तुम्हाला जाब विचारायचा असेल, तर तो मुंबईलाच विचारायला हवा.