एका गिरणीचे कारभारीपण

व्यापारात पैसा मिळविणे ही एक विद्या आहे आणि कारखाना चालविणे ही दुसरी. पहिलीत पारंगत असलेला मनुष्य दुसरीत आपोआप प्रवीण होतो, असा समज आपल्याकडे फार दिवस होता. आजही तो सर्वस्वी लोपला आहे असे म्हणवत नाही. या समजाची पारख करावयाची असेल, तर नागपूरच्या एंप्रेस मिलच्या आरंभीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास अवश्य पाहावा. अर्थव्यवहाराचे रूप पालटले म्हणजे पुढारीपणाचे गुणही कसे नव्याने शिकावे लागतात, याचा तो बोलका दाखला आहे.

या कथेचा आरंभ मुंबईच्या कापूसबाजारात होतो. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका निघाल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. 1865 साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि प्रेमचंद रायचंदांसारखे बाजाराचे राजेही धुळीस मिळाले. बाजाराचा कल हेरणे, शब्दावर हुंडी वठविणे, चढत्या भावाच्या लाटेवर स्वार होणे, हे त्या काळच्या धुरीणांचे गुण होते. ते गुण खोटे नव्हते. ज्या व्यवहारात त्यांची किंमत होती, तो व्यवहारच एका उन्हाळ्यात नाहीसा झाला, इतकेच.

या पडझडीत टाटांची पेढीही सापडली. जमशेटजी नसरवानजी टाटा (जन्म 1839) त्या वेळी विलायतेत होते आणि पेढीच्या कागदांना तेथे कोणी विचारीत नव्हते. पंचविशी नुकतीच उलटलेल्या या तरुणाने तोंड न चुकविता धनकोंसमोर उभे राहून सारा हिशेब मांडला. पुढे 1868 मध्ये त्यांनी एकवीस हजार रुपयांवर स्वतःची पेढी काढली आणि 1869 मध्ये चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन तिची सूतगिरणी केली. दोनेक वर्षांत ती नफ्याने विकूनही टाकली. येथवर दृष्टी व्यापाऱ्याचीच होती: पडत्या भावात घ्यावे, सुधारावे, चढत्या भावात विकावे. त्यानंतर ते लँकेशायरास गेले आणि तेथील गिरण्या त्यांनी बारकाईने पाहिल्या.

परत आल्यावर त्यांनी गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर पत्करले, तेव्हा अनेकांस तो वेडेपणा वाटला असल्यास नवल नाही. वस्तुतः त्यामागे साधा हिशेब होता. कापूस वऱ्हाड-नागपुराकडे पिकत होता. 1867 मध्ये आगगाडी नागपुरास येऊन पोहोचली होती. वरोऱ्याचा दगडी कोळसा जवळ होता. आणि सूत विकत घेणारे कोष्टी विणकर त्याच मुलखात राहात होते. 1874 मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली. तलावाकाठची पाणथळ जागा भरून काढताना पाहून, मातीत सोने ओतणाऱ्यास आपण पैसा देणार नाही असे एका स्थानिक सावकाराने म्हटल्याची, आणि या गृहस्थाने माती घालून सोने काढले अशी कबुली त्यानेच पुढे दिल्याची आख्यायिका आहे. 1877 च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस, व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केले त्याच दिवशी, सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग घेऊन गिरणी सुरू झाली. तिच्या नावाचा उगम यातच आहे.

परंतु जागेच्या निवडीहूनही माणसाची निवड अधिक विलक्षण होती. जमशेटजींनी गिरणीचा मुख्य कारभार बेझनजी दादाभाई मेहता यांच्या हाती दिला. या गृहस्थांस सूतकताईचा गंधही नव्हता. त्यांचे आयुष्य रेल्वेच्या मालखात्यात गेले होते. यंत्रांची बाजू सांभाळण्यास लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी नेमले गेले. रेल्वेच्या मालखात्याचा मनुष्य रोज काय करीत असतो? हजारो गासड्या कोठून निघाल्या, कोठे अडल्या, कोणत्या हातातून कोणत्या हाती गेल्या, याचा तो हिशेब ठेवतो. वेळ पाळतो व पाळावयास लावतो. गिरणीस नेमके हेच हवे होते. सूत काढण्याची विद्या शिकलेला मनुष्य विकत घेता येतो. शेकडो माणसे आणि शेकडो यंत्रे एका वेळापत्रकात बसविणारा मनुष्य ओळखावा लागतो.

ओळख बरोबर ठरली, तरी आरंभ सुखाचा झाला नाही. प्रथम आणलेली यंत्रे स्वस्त व कमी प्रतीची होती. माल नीट निघेना आणि भागांची किंमत उतरली. त्याच 1877 साली मजुरीच्या दरावरून कामगारांनी संप केला. हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या संपांत त्याची गणना होते. धन्यास दोन्हीकडून धडा मिळाला. स्वस्त यंत्र महाग पडते हा पहिला. आणि मजूर हा बाजारात मिळणारा कच्चा माल नव्हे हा दुसरा. पहिला धडा लगेच गिरविला गेला व चांगली यंत्रे आली. दुसऱ्यास अधिक वर्षे लागली.

शेताच्या कामास ऋतूंचे बंधन असते, भोंग्याचे नसते. पेरणी-कापणी, लग्नसराई, जत्रा यांच्यासाठी गिरणीचा कामगार सरळ गावी निघून जाई. दंडाने हे भागेना, तेव्हा नियमित येणाऱ्यांस बक्षिसे देण्याची रीत पडली आणि बक्षीससमारंभ भरू लागले. 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी निघाला. त्याच सुमारास गिरणीत हवा दमट व सुसह्य ठेवणारी आणि आग विझविणारी साधने बसविली गेली. 1895 पासून अपघाताची भरपाई मिळू लागली आणि 1901 मध्ये भविष्यनिर्वाह निधी आला. भरपाईचा कायदा देशात 1923 मध्ये झाला आणि भविष्यनिर्वाह निधीचा 1952 मध्ये, हे ध्यानात घेतले म्हणजे या योजनांचे मोल कळते.

याच काळातील दुसरी गोष्ट रिंग चातीची. लँकेशायरात म्यूल यंत्राचे राज्य होते. त्यावर काम करणारे कसबी कारागीर तेथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले होते. रिंग चाती अमेरिकेत निघालेली. ती सूत अखंड कातते आणि तिच्यावर नवशिका हातही लवकर बसतो. 1883 मध्ये नागपुरास तिचा प्रयोग झाला व पुढे तिचाच स्वीकार झाला. लँकेशायर मात्र दीर्घकाळ म्यूललाच चिकटून राहिले. ज्याच्यापाशी जुने कौशल्य विपुल असते, त्यास नवे साधन पत्करणे जड जाते. नागपूरपाशी गमावण्यासारखे काही नव्हते, हेच त्याचे भाग्य ठरले.

पुढे 1886 मध्ये जमशेटजींनी कुर्ल्याची मोडकळीस आलेली धरमसी मिल घेऊन तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. नागपूरची सारी रीत तेथे तशीच लागू पडेल ही अपेक्षा फसली. इमारत निराळी, यंत्रे जुनी, मजूर मुंबईचा, बाजारपेठ चीनपर्यंत पसरलेली. स्वतःच्या मालकीचे पुष्कळसे गहाण टाकून आणि नागपूरची अनुभवी माणसे आणून ती गिरणी सावरावी लागली. एका ठिकाणी सिद्ध झालेली कारभाराची कला दुसऱ्या ठिकाणी पुन्हा मुळाक्षरांपासून शिकावी लागते, हे या प्रकरणाने दाखविले.

मात्र या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासकारास शोभणार नाही. निवृत्तिवेतन देणाऱ्या त्याच काळात प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा नव्हती. ती 1911 मध्ये आली. गिरणीच्या सुताने कोष्ट्याचा माग काही काळ जगविला, पण गिरणीच्या कापडाने त्याच्या बाजारावर घालाही घातला. जाडेभरडे कापड विणणाऱ्या महार समाजातील अनेकांस आपला माग सोडून गिरणीच्या दारी यावे लागले. कामगारांसाठी काढलेल्या योजनांत दया किती आणि हिशेब किती, हे वेगळे करून सांगणे कठीण आहे. त्यांत हिशेब होता म्हणून त्या हलक्या ठरत नाहीत. उलट कामगाराचे हित हा हिशेबाचा भाग आहे हे ज्यास प्रथम उमगले, तोच त्या काळाचा खरा धुरीण, असे आम्हांस वाटते.

जमशेटजी 1904 मध्ये निवर्तले. गिरणी पुढे ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालली; 1986 मध्ये ती टाटांच्या हातून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी कायमची थांबली. यंत्रमागांनी आणि नव्या धाग्यांनी बाजार पुन्हा एकदा पालटला होता. आता जुन्या कौशल्याचे ओझे लँकेशायरच्या नव्हे, तर नागपूरच्या खांद्यावर होते. ज्या गिरणीने इतरांचे चुकले तेथे स्वतः शिकून दाखविले, तीही अखेर त्याच नियमाला बळी पडली. तिच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवत असे, त्या हजारो कुटुंबांनी त्याची किंमत मोजली. कारभार करणाऱ्याने शिकणे थांबविले, तर त्याचा दंड प्रथम त्याच्या हाताखालच्या माणसांस भरावा लागतो. एंप्रेस मिलच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध आम्हांस तरी हाच दिसतो.