चाकणच्या खोलीतली चौकडी

कंपनीच्या बसमध्ये बसलात? घाला इअरफोन.

जपानी लोककथेतला मोमोतारो ओनी नावाच्या राक्षसांशी लढायला निघतो. वाटेत कुत्रा, माकड, फेजंट पक्षी भेटतात. प्रत्येकाला पिठाचा एक लाडू दिला, की झाली टीम! १९८७ साली हडसन कंपनीने यावरच 'मोमोतारो देन्सेत्सु' काढला. त्यात लढाई आळीपाळीने. २०१३ च्या 'तोकिदेन'मध्ये मात्र चौघं एकदमच ओनीवर तुटून पडतात, त्याचे हातपाय छाटतात. ओनीने गिळलेल्या जुन्या वीरांचे आत्मे सुटले, की ते आपल्या शस्त्राला जोडायचे. भारी कल्पना!

२०१५ ला तो पीसीवर आला. चाकणला आम्हीही एका खोलीत चौघं, लॅपटॉप एक. शिफ्ट वेगवेगळ्या, म्हणून एकत्र फक्त गुरुवारी, सुट्टीला. वडापाव आणेल त्याचा नंबर पहिला, बाकीचे तिघं मागून ओरडायला. (लाडूचंच काम, दुसरं काय!) मग एकेकाचं कॉन्ट्रॅक्ट संपत गेलं.

२०२० मध्ये आपल्या पुण्यात बनलेला 'राजी' आला. त्यात पार्टीच नाही. राक्षसांनी नेलेल्या गोलूला, धाकट्या भावाला, शोधत राजी एकटीच फिरते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट वरून सांगत राहतात. मी तो गुरुवारीच खेळलो. वडापाव एकच आणला होता.