नोडेन्स ते हस्तर : एका भयकथेचा पुण्यापर्यंतचा प्रवास

परक्या दंतकथेवर आपल्या भाषेतली भयपटकथा उभी राहू शकते का? हा प्रश्न आज अनेक तरुण पटकथाकारांपुढे आहे. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड या केल्टिक मुलखांतल्या टेकड्यांखालच्या देवता, बदललेली मुले, रात्री आक्रोश करणाऱ्या स्त्रिया हे सारे आता इथल्या प्रेक्षकालाही परिचित झाले आहे. वाचनातून आणि पडद्यावरून आलेली ही सामग्री खुणावते आणि मग ती उचलून सह्याद्रीत आणून ठेवण्याचा मोह होतो. मात्र या प्रश्नाचे एक उत्तर मराठी भयसाहित्याच्या इतिहासात आधीच मिळालेले आहे. वेल्समधल्या एका गावातून निघालेला भयाचा धागा अमेरिकेमार्गे पुण्यात आला आणि 2018 मध्ये ‘तुंबाड’ या चित्रपटाच्या रूपाने पडद्यावर उमटला. या प्रवासात काय टिकले आणि काय गळून पडले, हे पाहणे या लेखाचे प्रयोजन आहे.

कर्लिअनचा पाद्रीपुत्र

आर्थर मॅकेन यांचा जन्म 1863 साली वेल्समधल्या कर्लिअन गावी झाला. वडील पाद्री होते. हे गाव रोमन सैन्याच्या एका मोठ्या तळावर वसलेले. नांगराच्या फाळाला रोमन नाणी आणि विटा लागाव्यात, आणि त्याच्या पलीकडे रोमनांच्याही आधीच्या केल्टिक लोकांच्या टेकड्या दिसाव्यात, अशी ती भूमी. मॅकेन यांची भीती या थरांतून येते. वरचा थर चर्चचा, त्याखाली रोमन, आणि त्याच्याही खाली ज्याचे नाव उरलेले नाही असे काहीतरी.

1894 साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘द ग्रेट गॉड पॅन’ या त्यांच्या दीर्घकथेचे शीर्षक ग्रीक देवाचे आहे. कथेत मात्र नोडेन्स या देवाच्या नावाचा शिलालेख येतो. नोडेन्स हा कल्पित देव नव्हे. इंग्लंड-वेल्स सीमेजवळ लिडनी येथे त्याच्या मंदिराचे अवशेष एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्खननात सापडले. आयरिश पुराणांतला नुआदा हा राजा त्याचाच भाऊबंद मानला जातो. नुआदा ज्या देवकुळाचा राजा, ते तुआहा दे दानन. मानवांकडून पराभव झाल्यावर या कुळाने जमिनीखालचा प्रदेश स्वीकारला, अशी आयरिश परंपरा सांगते. म्हणून तिथे टेकडी म्हणजे नुसती टेकडी नसते. ते हरलेल्या देवांचे घर असते.

‘द नॉव्हेल ऑफ द ब्लॅक सील’ या 1895 च्या कथेत मॅकेन यांनी याच कल्पनेला काळा रंग दिला. गोड परीकथांतले छोटे लोक म्हणजे डोंगरात दडून राहिलेली एक आदिम, क्रूर जमात आहे, असे त्यांनी सुचवले. लोक ज्यांना घाबरून ‘भली माणसे’ म्हणत, त्या नावामागची भीती त्यांनी परत आणली. आपल्याकडे रात्री सापाचे नाव घेत नाहीत, देवीच्या रोगाला ‘आई आली’ म्हणतात. भीतीला गोड नाव देण्याची ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

अमेरिकेतला मुक्काम

मॅकेन यांचे ऋण एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी उघडपणे मान्य केले. भयसाहित्यावरच्या 1927 च्या दीर्घ निबंधात त्यांनी मॅकेन यांना आधुनिक काळातल्या मोजक्या श्रेष्ठ लेखकांत बसवले. त्यांच्या ‘द डनविच हॉरर’ या कथेवर ‘पॅन’ची छाया स्पष्ट आहे. नोडेन्स हा देवही त्यांनी आपल्या कथांत घेतला. पण लव्हक्राफ्ट ज्या भूमीत लिहीत होते तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथा त्यांच्या नव्हत्या, आणि युरोपच्या कथा त्या मातीतल्या नव्हत्या. यावर त्यांनी तोडगा काढला तो असा की पुराणच नवे रचायचे. खोटे ग्रंथ, खोटे देव, खोटे पंथ. आणि ते इतक्या गंभीरपणे लिहायचे की वाचकाने ग्रंथालयात जाऊन शोधावे.

या नव्या पुराणात एक नाव फिरत राहिले ते हस्तुर. अँब्रोज बिअर्स यांच्या 1891 च्या कथेत हस्तुर हा मेंढपाळांचा सौम्य देव आहे. रॉबर्ट चेंबर्स यांनी 1895 मध्ये ते नाव आपल्या गूढ कथांत उचलले. लव्हक्राफ्ट यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कथेत त्याचा ओझरता उल्लेख केला, आणि पुढच्या लेखकांनी त्याला भयंकर रूप दिले. 1984 साली स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेत हे नाव एका मंत्रासारखे येते. एक लहान मुलगा घरात अंथरुणाला खिळलेल्या आजीबरोबर एकटाच राहतो. आजी साधी नाही. एवढेच त्या कथेचे बीज.

पुण्यातले धारप

नारायण धारप (1925–2008) यांचे लेखन शंभराहून अधिक पुस्तकांचे आहे. पुण्यात राहून त्यांनी मराठीत भयकथा आणि विज्ञानकथा यांचा मोठा वाचकवर्ग घडवला. फिरत्या वाचनालयांतून त्यांची पुस्तके हातोहात जात. समीक्षेने मात्र त्यांना फारसे आत घेतले नाही. लव्हक्राफ्ट आणि किंग यांचा त्यांच्यावरचा प्रभाव जाणकार वाचकांना ठाऊक आहे. ‘लुचाई’वर किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ची, तर ‘आजी’ या कथेवर ‘ग्रॅमा’ची छाप आहे.

याला उसनवारी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. मराठी रंगभूमीचा आणि रहस्यकथेचा इतिहास पाहिला तर रूपांतर हा आपल्याकडे एक मानलेला व्यवहार होता, हे ध्यानात येते. मूळ लेखकाचे नाव नीट सांगितले जावे, ही अपेक्षा रास्तच आहे. तरीही रूपांतरात काय घडले हा प्रश्न वेगळा उरतो. धारपांनी परके भय मराठी घरात आणले. वाडा, माजघर, अंगारा, नात्यांचे ताण, आणि संकटात धावून येणारे ‘समर्थ’ हे त्यांचे पात्र. इंग्रजी भयकथेत पाद्री आणि क्रूस जे काम करतात, ते काम करण्यासाठी त्यांना मराठी मनात श्रद्धेचे स्थान असलेला माणूस हवा होता. समर्थ हे त्या गरजेचे उत्तर होते.

नागझिऱ्यातली रात्र आणि पटकथा

राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’ची जन्मकथा मुलाखतींतून सांगितली आहे. 1993 साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना धारपांची एक कथा सांगितली. 1997 मध्ये त्यांनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. चित्रपट पडद्यावर आला तो 12 ऑक्टोबर 2018 ला. पटकथेवर बर्वे यांच्यासह मितेश शाह, आदेश प्रसाद आणि आनंद गांधी यांची नावे आहेत. गावाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या 1987 च्या कादंबरीची आठवण करून देते. कथेचा त्या कादंबरीशी संबंध नाही.

चित्रपट तीन काळांत घडतो : 1918, 1933 आणि 1947. पहिल्या भागात एक मुलगा आणि साखळदंडाने बांधलेली भयंकर म्हातारी आहे. हा ‘आजी’चा आणि ‘ग्रॅमा’चा वारसा. पण तो तिथेच संपतो. पुढचा सगळा चित्रपट त्या बीजात नव्हता. विनायक पुण्याला जातो, मोठेपणी तुंबाडला परततो, आणि देवीच्या गर्भात कोंडलेल्या हस्तरच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा चोरत राहतो.

हस्तर हे नाव हस्तुरच्या इतके जवळ आहे की वाचकाला नाते लगेच जाणवावे. मात्र त्याभोवतीचे पुराण नवे आहे. समृद्धीची देवी, तिच्या उदरातून जन्मलेले देव, पहिला पुत्र हस्तर, त्याची सोन्याची आणि धान्याची हाव. सोने मिळाले, धान्याकडे हात जाताच इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला. आईने त्याला वाचवले ते एका अटीवर : त्याची पूजा कुणी करणार नाही. हे कुठल्याही पुराणात नाही. पण त्याची घडण आपल्या स्थलपुराणाची आहे. या गावी अमुक देव का, त्याला नैवेद्य काय, निषेध कोणता, हे सांगणारी माहात्म्ये आपण ऐकत आलो आहोत. लव्हक्राफ्ट यांनी खोटा ग्रंथ रचला. इथे खोटे माहात्म्य रचले गेले. म्हणूनच ते खरे वाटते.

त्यातली गर्भाची कल्पनाही उपरी वाटत नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या 1978 च्या ग्रंथात भूमी, वारूळ आणि देवीची योनी यांचे नाते उलगडून दाखवले. गोव्यातली सांतेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि जुन्या वाटा पायी तुडवून मातृदेवतांची ठाणी शोधली. मॅकेन यांना कर्लिअनच्या टेकड्यांनी जे दिले, ते देणारी भूमी इथेही होतीच.

टेकडी उचलता येत नाही

केल्टिक भयपटांत जे टिकले त्यांचे कारणही हेच आहे. ‘द विकर मॅन’ (1973) या रॉबिन हार्डी यांच्या चित्रपटाची पटकथा अँथनी शॅफर यांची. वेताच्या महाकाय पुतळ्यात माणसे जाळण्याची प्रथा ज्युलियस सीझरने गॉलविषयीच्या वृत्तांतात नोंदवली आहे. शॅफर यांनी ती एका स्कॉटिश बेटावर आणली, पण तिला कारण दिले ते पिकाच्या नापिकीचे. बेटावरच्या फळबागा फळत नाहीत, म्हणून बळी हवा. देवापेक्षा तिथला हिशेब अंगावर काटा आणतो.

‘तुंबाड’मध्येही भयाला हिशेब आहे. हस्तरला अन्न मिळालेले नाही, म्हणून तो कणकेच्या बाहुलीला भुलतो. पिठाच्या रिंगणात माणूस सुरक्षित असतो. आषाढी अमावास्येला कणकेचे दिवे करणाऱ्या, श्राद्धाला पिंड ठेवणाऱ्या, चौरस्त्यावर उतारा टाकणाऱ्या समाजाला हे समजावून सांगावे लागत नाही. उपाशी असलेल्याला खाऊ घालून शांत करायचे, ही आपली जुनी समजूत आहे. पटकथेने ती एका हातात मावणाऱ्या वस्तूत आणली. मॅकेन आणि लव्हक्राफ्ट यांचे भय पत्रांतून, अर्धवट साक्षींतून, न सांगितलेल्या भागातून उभे राहते. पडद्याला ते पुरत नाही. त्याला दोर, विहीर, पीठ, मुद्रा लागतात.

आणि या वस्तूंमागे एक सामाजिक सत्य लागते. सरकारांच्या घरात विधवेसारखे आयुष्य काढणारी आई, वारशात बसू न शकणारा मुलगा, सावकारीच्या पुण्यात पैशाने मिळवलेली पत, बापाकडून मुलाकडे जाणारी हाव, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारजमा होणारा वाडा. हस्तर नसता तरी ही माणसे एकमेकांना खात राहिली असती.

केल्टिक परंपरेत वर्षाचा अंधारा अर्ध 31 ऑक्टोबरच्या रात्री सुरू होतो, तेव्हा दोन लोकांमधली सीमा विरळ होते, असे मानत. हा अंक वाचकाच्या हाती येतो त्याच सुमारास आपण धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावतो. ऋतू एक, भीती जवळजवळ एक, दिवा मात्र ज्याच्या त्याच्या अंगणातला. ज्या पटकथाकाराला केल्टिक कथेतून काही घ्यायचे आहे त्याने नुआदाचे नाव घ्यावे की नाही, हा गौण प्रश्न आहे. आपल्या गावात जमिनीखाली कोणाला गाडले, कोणाची पूजा करायची नाही असे ठरवले, आणि कोणाच्या भुकेवर आपले घर उभे आहे, हे त्याने आधी शोधावे. धारपांनी आजी परक्या घरातून आणली. तिच्या पायातल्या साखळदंडाचे दुसरे टोक कुठे बांधलेले आहे, हे शोधायला पंचवीस वर्षे लागली.